चिंधी बांधलेली फांदी

त्या फाल्गुनात माझं घरात चित्त लागत नव्हतं. बसले की उठावंसं वाटे, उठले की कशासाठी उठले ते आठवत उभी राही. दारातून अर्पिता, माझी सून, बघते आहे असं वाटलं की उगाच फडकं घेऊन ओटा पुसायला लागे. ओटा आधीच स्वच्छ असे.

सुरुवात संक्रांतीनंतर झाली. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास पसरला, आणि मी पलीकडच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत होते. पुढे एकदा मी अर्पिताला शकुंतला म्हणून हाक मारली. शकुंतला माझी धाकटी बहीण, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. अर्पितानं मुकाट्यानं ओ दिली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझा मुलगा अमर तसा तोंडाचा फटकळ. पण तोही जपून बोलायला लागला. नागपूरला विसरभोळेपणाचे चांगले डॉक्टर आहेत, नुसतं दाखवून येऊ, दुसरं काही नाही, असं तो जेवताना पोळीकडे बघत म्हणाला. होळी झाली की जायचं ठरलं. मी म्हटलं, मला काय झालंय? केळापूरच्या माझ्या माहेरच्या बैलांची नावं विचारा, जगदंबेच्या जत्रेत बांगड्या भरणाऱ्या बाईच्या हाताला किती बोटं होती ते विचारा. (एका हाताला सहा होती.) अमर म्हणाला, हो आई, ते सगळं तुला आठवतं. 'ते' या शब्दावर त्याने जो जोर दिला, तो दिवसभर माझ्या कानात राहिला.

म्हणून मी सकाळ-संध्याकाळ बागेत जाऊन बसू लागले. यवतमाळला आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, ओपन स्पेसमध्ये बाग आहे. तिच्या एका कडेला मोठाले शिरीष आहेत. मार्च लागला की त्यांच्या पानांचा पत्ता नसतो, नुसत्या वाळलेल्या शेंगा खुळखुळत असतात. त्या खुळखुळ्यात एका सकाळी मला दुसराच आवाज ऐकू आला. कुणी नखाने दार वाजवावं, आणि तेही आतल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने, तसा.

मी मान वर केली. एका वाळक्या, माझ्या मनगटाएवढ्या फांदीच्या खालच्या अंगाला एक पाखरू उलटं चिकटलं होतं. चिमणीएवढं. पाठ काळपट तपकिरी, तिच्यावर पांढरे आडवे पट्टे, जसं कुणी ओल्या चुन्याची बोटं ओढावीत. डोक्यावर मळकी तपकिरी टोपी. ते शेपटीचा टेकू घेऊन फांदीवर सरकत होतं आणि ठोकत होतं.

मी त्याला लगेच ओळखलं. केळापूरला आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोह आणि पळस होते, तिथे ते यायचं. आम्ही त्याला सुताराचं पोर म्हणायचो. मोठा सुतार पक्षी सगळ्यांच्या ओळखीचा, हा एवढासा, तेव्हा हे त्याचं पिल्लूच असणार असं आम्ही धरून चाललो होतो. माझे वडील म्हणायचे, बाप मोठ्या झाडावर कामाला गेला, पोराला काटक्या दिल्यात शिकायला. पोर कधी मोठं कसं होत नाही, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

मी घाईघाईने घरी आले आणि चपला काढता काढताच सांगितलं. बागेत सुतार पक्षी आहे, चिमणीएवढा. अमर दाढी करत होता. त्याने आरशातून अर्पिताकडे पाहिलं. अर्पितानं मोबाइलवर एक फोटो शोधून मला दाखवला. सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा, साळुंकीहून मोठा सुतार. हाच ना आई, तिने विचारलं. मी म्हटलं, हा नव्हे, याला तुरा नव्हता, लाल काही नव्हतंच. तिने मोबाइल ठेवला आणि म्हणाली, असेल, असेल. दोनदा म्हणाली.

तेव्हापासून ते पाखरू माझं पाखरू राहिलं नाही, साक्षीदार झालं. ते खरं असेल तर माझं डोकं ठिकाणावर आहे, नाहीतर नागपूर. असा हिशेब मला कुणी करायला सांगितला नव्हता, पण एकदा तो डोक्यात शिरला तो निघेना. रात्री डोळा लागे तो त्याच विचारात, आणि उजाडायच्या आत मी चपला शोधत असे.

शीलाबाई माझ्याबरोबर फिरायला येतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी त्यांना झाडाखाली उभं केलं, बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, दिसला वो, दिसला, लय गोड हाय. पाखरू तेव्हा फांदीवर नव्हतंच. मला इतका राग आला की मी त्यांना बाकावर सोडून दोन चकरा एकटीने मारल्या. त्या मागून ओरडत होत्या, "मथुराताई, तो नसंन त उद्या पाहीन, पण तुमी रुसू नका."

कॉलेजात शिकवणारा इंद्रजित आमच्याच लेआउटमध्ये राहतो. रविवारी कॅमेरा गळ्यात घालून पाखरांमागे हिंडतो. त्याला मी गाठलं. त्याने माझी चांगलीच उलटतपासणी घेतली. आकार केवढा, बुलबुलाएवढा की लहान? टाळू पिवळसर की तपकिरी? छातीवर रेघा? जाड खोडावर होता की बारीक फांदीवर? मी एकेक सांगत गेले. तो म्हणाला, आजी, चिमणीएवढा सुतार असतो. ते पिल्लू नसतं, पुरता वाढलेला पक्षी तेवढाच असतो. नराच्या डोक्याच्या कडेला लाल रेघ असते, पण केसासारखी बारीक, सहसा दिसत नाही. बारीक वाळक्या फांद्या हीच त्याची जागा.

मला तर त्याला ओवाळावंसं वाटलं. पण पुढे तो म्हणाला की या बागेत त्याने तो कधी पाहिला नाही. इथे मराठा सुतार येतो, पिवळसर टाळूचा, त्याहून मोठा, त्याच्याही पाठीवर पांढरे ठिपके असतात, आणि लांबून फसायला होतं. बघू, रविवारी येतो.

रविवारी तो आला. अमरही आला, मी न बोलावता. आम्ही शिरीषाखाली उभे राहिलो. खारी आल्या, साळुंक्या आल्या, एक तांबट पुक पुक करत बसला. सुताराचं पोर आलं नाही. ऊन डोक्यावर आलं तसा इंद्रजित म्हणाला, पक्षी असेच असतात आजी, पुन्हा कधीतरी. अमरने माझा दंड धरला. एरवी मी रस्ता ओलांडतानाही तो धरत नाही. संध्याकाळी मी त्याला फोनवर नागपूरची वेळ पक्की करताना ऐकलं. धुळवडीनंतरचा बुधवार.

त्यानंतर मी बागेत जाणं थांबवायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या बाईनं थांबवलं असतं. मी जास्त जाऊ लागले. दुपारीही. अर्पिता म्हणे, आई, ऊन आहे; मी म्हणे, शेवग्याच्या शेंगा बघून येते. शेंगा दाराशीच भाजीवाल्याकडे मिळत होत्या.

अशाच एका दुपारी मी त्या वाळक्या फांदीखाली उभी असताना माझ्या लुगड्यावर भुसा पडला. पिठासारखा बारीक. मी वर पाहिलं. फांदीच्या पोटाला गोल भोक पडलं होतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं. त्यातून आधी चोच आली, मग तपकिरी टोपी. पाखराने तोंडातला भुसा बाहेर झटकला आणि पुन्हा आत गेलं. घर कोरणं चालू होतं. म्हणजे ते आता इथून कुठे जाणार नव्हतं.

मी शेजारच्या फांद्या पाहिल्या. सगळ्या एकसारख्या वाळक्या, एकसारख्या तिरक्या. उद्या अमरला घेऊन आले आणि मलाच फांदी सापडली नाही तर? मी घरी गेले, जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडला, परत येऊन छत्रीच्या मुठीने फांदीचं खाली लोंबणारं टोक ओढलं आणि त्याला चिंधी बांधली. नीट दोन गाठी मारल्या. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

अमरला मी एवढंच म्हटलं, होळीच्या दिवशी तुला सुट्टी आहे, इंद्रजितला घेऊन एकदा ये, शेवटचं. तो हो म्हणाला. नागपूरला मी कुरकुर न करता यावं म्हणून म्हणाला असणार. पण हो म्हणाला.

होळीच्या दिवशी पुरण वाटून झालं, पोळ्या अर्पितानं लाटायला घेतल्या, आणि आम्ही तिघं निघालो. मी पुढे चालत होते. अमर मागून म्हणत होता, आई, हळू, पाखरू काही बस पकडणार नाही.

झाडाखाली आले आणि वर पाहिलं. माझी हिरवी चिंधी नव्हती. फांदीही नव्हती. जिथून ती निघाली होती तिथे ताजा, पांढरा, कुऱ्हाडीचा घाव होता.

मी काही बोलायच्या आतच मला बागेच्या पलीकडच्या कोपऱ्यात होळी रचलेली दिसली. मधे एरंडाची फांदी, भोवती लाकडं, पोरींनी आणून टाकलेल्या चाकोल्यांच्या माळा, शेणाच्या, मधे भोक पाडलेल्या. आणि त्या ढिगाच्या अंगाला, वरच, माझी फांदी. चिंधीसकट.

होळीचं सगळं आमच्याकडे धावजी बघतात. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत, आवाज अजून घाटातला आहे. मी त्यांना विचारलं, ही फांदी कुणी तोडली? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी गाडी सुटल्यावर तिकीट मागते आहे.

"मावशी, तुमीच त देल्ली."

मी म्हटलं, मी कधी दिली?

"चिंधी कोणाची हाय मंग? तुमच्याच लुगड्याची ना? मागच्या वर्षी तुमीच सांगतलं ना सगळ्याइले, तुमच्या केळापुरात कशी चाल होती ते. आमी त्याच चालीनं करून राह्यलो."

मग मला आठवलं. आठवलं असं म्हणणंही खरं नाही; आधी नुसतं अंग गार झालं, आणि मग एकेक वर आलं. केळापूरला होळीसाठी पोरं लाकडं चोरत. कुणाच्या दाराची खुंटी जाई, कुणाच्या बैलबंडीचा दांडा. त्यावरून भांडणं होत. तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी एक रीत पाडली होती: ज्याला जे लाकूड द्यायचं, त्याने त्यावर चिंधी बांधून ठेवायची. चिंधीचं लाकूड होळीचं. विचारायचं नाही, आणि एकदा ढिगावर गेलं की परत न्यायचं नाही. मागच्या होळीला, इथेच, याच कोपऱ्यात, लेआउटमधल्या कुंपणाच्या बल्ल्या चोरीला गेल्या म्हणून तंटा झाला होता, आणि मी खुर्चीवर बसून सगळ्यांना ही चाल सांगितली होती. लोकांनी ती उचलली. यंदा निम्म्या ढिगाला चिंध्या होत्या. आणि मी, जिने ती सांगितली, तिने स्वतःच्या हाताने फांदीला चिंधी बांधली होती आणि शांत झोपली होती.

धावजींची काही चूक नव्हती. चाल त्यांना पाठ होती, मला नव्हती.

अमर माझ्या शेजारी उभा होता. मला त्याच्याकडे बघायचं धैर्य होईना. मी आता काय करायचं हे मला स्पष्ट दिसत होतं. गप्प राहायचं, हसायचं, म्हातारपण आहे बाबा म्हणायचं, घरी जाऊन पुरणपोळी खायची. शहाणी दिसण्याचा तोच एक रस्ता होता. होळीतलं लाकूड परत मागणारी बाई, तेही कुणी न पाहिलेल्या पाखरासाठी, तिला नागपूरला न्यायची गरजच नाही. तिचं निदान चौकातच होतं.

पण त्या फांदीत काय आहे ते मला माहीत होतं. अंडी असली तर?

मी पदर खोचला आणि फांदीला हात घातला. चाकोल्यांची एक माळ घसरून खाली आली. पोरींची कुजबुज थांबली. धावजी म्हणाले, होळीले देल्लं लाकूड परत नेत नाही मावशी, तुमीच शिकोलं. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, रोज उन्हात उभी राह्यते बिचारी. अमर जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, आई, घरी चाल. मी फांदी सोडली नाही. दोन्ही हातांनी ओढत राहिले.

तेवढ्यात इंद्रजितने दुसरं टोक धरलं. त्याने फांदी उचलून उलटी केली, पोट वर आणलं, आणि तसाच गुडघ्यावर बसला. भोक होतं. गोल, कडा ताज्या. त्याने मोबाइलचा उजेड आत टाकून डोळा लावला.

"अंडी नाहीत अजून. पण घर त्याचंच आहे," तो म्हणाला. "इतक्या बारीक फांदीत इतकं लहान भोक दुसरा कुणी पाडत नाही. आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत."

अमरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तो लहानपणी पास झाल्याचा निकाल घेऊन यायचा तसा दिसत होता. तो धावजींना म्हणाला, काका, पाहिलं ना, आई खरं सांगत होती. मग शीलाबाईंना म्हणाला. मग ज्यांनी विचारलंही नव्हतं त्यांनाही सांगू लागला.

मी म्हटलं, फांदी परत झाडाला बांधायची. यावर पुन्हा गलका झाला. धावजी विचारात पडले. चाल मोडणं त्यांना जमेना, आणि पाखराचं घर जाळणंही. शेवटी ते म्हणाले, होळीच्या तोंडातून काढता त तिच्या तोंडात दुसरं काही घाला. त्याहून जड पाहिजे.

आमच्या गच्चीवर माझी एक जुनी बाज होती, सुंभ तुटलेली, एक ठावा, म्हणजे पाय, वाकडा. मी ती कधी टाकू दिली नव्हती. मी अमरला म्हटलं, ती आण. अर्पिता पोळ्यांचं पीठ लागलेल्या हाताने दारात आली होती, बाज खाली उतरताना पाहून ती म्हणाली, "पाखराचे लय उपकार झाले." आमच्याबरोबर आलेल्या बायका हसल्या. मीही हसले असेन.

लाइनमनचं काम करणारा रूपसिंग शिडी घेऊन आला. इंद्रजित खालून सांगत होता, भोक खालीच राहिलं पाहिजे, होतं त्याच बाजूला. तारेने दोन जागी आवळून फांदी बांधली. इंद्रजितने मला बाजूला घेऊन सांगितलं की पक्षी परत येईलच असं नाही, वास्तव्याची जागा हलली की ते बिथरतात. मी म्हटलं, ठीक आहे.

संध्याकाळी होळी पेटली. माझ्या बाजेचा वाकडा ठावा बराच वेळ जळत नव्हता. लोक येऊन मला पाखराबद्दल विचारत होते, अमर माझ्या आधी उत्तरं देत होता. सगळ्यांचं समाधान झालं होतं. मीच नारळ हातात घेऊन होळीभोवती फिरताना कितवी फेरी ते विसरले, आणि कुणाला न विचारता आणखी फिरत राहिले.

धुळवडीला रंग सुरू व्हायच्या आत मी बागेत गेले. पाखरू आलं. बांधलेल्या फांदीवर बसलं, भोकापर्यंत सरकलं, मान आत घातली, बाहेर काढली. तारेवर एकदा चोच मारली. मग उडून वरच्या दुसऱ्या वाळक्या फांदीवर गेलं आणि तिच्या पोटाला चिकटून नव्याने ठोकायला लागलं. मी थोडा वेळ पाहिलं आणि घरी आले.

अमर फोन शोधत होता. नागपूरची वेळ रद्द करतो म्हणाला, उगाच तुला ताटकळत बसवायचं. मी म्हटलं, थांब जरा, आधी अंघोळ कर. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अर्पिता कालच्या कटाची आमटी गरम करत होती.

मी तिला म्हटलं, त्याला रद्द करू देऊ नको.

ती वळली. म्हणाली, पण आई, तुम्ही तर बरोबर होता.

"पाखराचं बरोबर होतं," मी म्हटलं. "चिंधीचं नव्हतं. मीच सांगतलेली गोष्ट मी विसरली, अर्पिता. बांधतानी मनात आलीसुदिक नाही. ते मले माहीत हाय, आन् तुलेबी माहीत हाय."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली की मागच्या आठवड्यात मी तिला एकाच दिवशी दोनदा विचारलं होतं, तुझ्या आईची तब्येत कशी आहे. तिची आई तर दिवाळीतच गेली, आणि मी दहाव्याला जाऊन आले होते. दोन्ही वेळा तिने बरी आहे असं सांगितलं होतं.

मला ते आठवत नव्हतं. कितीही ताणलं तरी आठवेना. मी पाटावर बसले. ती माझ्यासमोर खाली बसली, फरशीवरच, आणि तिने विचारलं, भीती वाटते का आई?

मी हो म्हटलं. मग तिला म्हटलं, तू माझ्याबरोबर चाल. अमर नको, तो माझं कौतुक करत बसेल. डॉक्टरांना सगळं सांगायचं, लाजायचं नाही.

"जुनं मी सांगीन," मी म्हटलं. "मागच्या आठवड्याचं तू सांगजो."